पेशीतील चूल

पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली, आणि मग एखादी सर येऊन करपलेल्या ताटांस नवे कोंब फुटू लागले, की आमच्या ठाणाकुशनूरच्या शिवारातील जाणती माणसे गुरे राखणाऱ्या पोरांस एक ताकीद हटकून देतात : "गुरे ज्वारीत जाऊ देऊ नका." नव्या पोरांस या ताकदीचे नवल वाटते. ज्या ज्वारीच्या कडब्यावर गुरे वर्षभर पोसतात, जिच्या भाकरीवर आपण स्वतः वाढलो, तीच ज्वारी गुरांस वर्ज्य कशी ? परंतु ज्याने एकदा ते दृश्य पाहिले आहे, तो हा प्रश्न विचारीत नाही. भुकेले जनावर खुरटलेल्या ज्वारीत शिरते, पोटभर चरते, आणि थोड्याच वेळात त्याच्या तोंडास फेस येतो. ते तोंड वासून धापा टाकू लागते, त्याचे पाय लटपटतात, ते कोसळते. आणि पुष्कळदा घरून कोणी धावत येईपर्यंत सारे संपलेले असते. ज्या घरी दोन बैल व एक देवणी गाय एवढीच दौलत, त्या घरावर तो दिवस कसा येत असेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या मृत्यूत एक मोठे कोडे आहे. जनावर श्वासासाठी तडफडते खरे. परंतु त्याचा घसा आवळलेला नसतो, छातीचा भाता चालू असतो आणि भोवताली मोकळे रान असते. त्याहून आश्चर्य असे, की अशा जनावराचे रक्त पाहिले तर ते काळसर नसून लालभडक असते. म्हणजे त्यात प्राणवायू भरपूर असतो. हवा आहे, फुप्फुस आहे, रक्तात प्राणवायूही आहे; आणि तरी जनावर प्राणवायूवाचून मरते! हे कसे घडते, याचा उलगडा करावयाचा तर श्वास म्हणजे काय याचाच मुळापासून विचार केला पाहिजे. या लेखात आम्ही तो करणार आहोत.

श्वास घेणे म्हणजे छाती फुगवून हवा आत ओढणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक ती केवळ वाहतूक होय. बाजारातून सरपण आणून अंगणात टाकले म्हणजे स्वयंपाक झाला असे कोणी म्हणत नाही. चूल पेटावी लागते. फुप्फुसात आलेला प्राणवायू रक्तातील तांबड्या कणांवर स्वार होऊन शरीराच्या कानाकोपऱ्यापर्यंत जातो. परंतु त्याचा खरा उपयोग होतो तो शरीराच्या प्रत्येक पेशीत. तेथेच ती चूल आहे. फ्रान्समधील लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका गिनीपिगास बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते हे मोजले होते. आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष काढला होता. कोळसा जळतो तेव्हा प्राणवायू खर्ची पडतो, कार्बन डायऑक्साइड वायू निघतो व उष्णता मिळते. प्राण्याच्या देहातही तेच घडते. लाव्हाझिएचा निष्कर्ष खरा ठरला. मात्र हे ज्वलन ज्वालेवाचून, धुरावाचून, आणि 37 अंश इतक्या साध्या उष्णतेत कसे होते, हे समजण्यास पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली.

आपण ज्वारीची भाकरी खातो. तिच्यातील पिठूळ द्रव्याचे पोटात पचन होऊन त्याची द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज होते, आणि ते रक्तावाटे पेशीत पोहोचते. ग्लुकोजमध्ये शक्ती साठविलेली आहे. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्णपणे जाळले तर सुमारे 686 किलोकॅलरी शक्ती मोकळी होते. परंतु ही शक्ती एकदम मोकळी झाली तर पेशी भाजून निघेल. घराला आग लावून त्यावर भाकरी भाजता येत नाही. म्हणून निसर्गाने हे ज्वलन अनेक लहान लहान पायऱ्यांत वाटून टाकले आहे, आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी शक्ती हाती घेण्याची योजना केली आहे.

ही शक्ती ज्या भांड्यात भरली जाते, त्याचे नाव ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट. नाव लांबलचक आहे म्हणून सारे जग त्यास एटीपी म्हणते. या रेणूस फॉस्फेटचे तीन गट जोडलेले असतात. त्यांतील शेवटचा गट सुटला की शक्ती मिळते. त्या शक्तीवर स्नायू आखडतो, मज्जातंतू संदेश धाडतो, नवी पेशी घडते. गट सुटल्यावर मागे उरते ते एडीपी. जणू रिकामी झालेली घागर. ती पुन्हा भरून आणावी लागते. आपल्या देहात कोणत्याही एका क्षणी एटीपीचा साठा फार थोडा असतो. परंतु याच थोड्या घागरी इतक्या वेगाने रित्या होतात व भरल्या जातात, की दिवसभरात भरल्या गेलेल्या एटीपीचे वजन आपल्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाते. हे भरणे काही मिनिटे थांबले तर काय अनर्थ होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. एटीपीचा शोध 1929 साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी लावला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव या दोघांनी तो स्वतंत्रपणे लावला. यांतील सुब्बाराव हे आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशातील भीमावरमचे. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता ग्लुकोजच्या प्रवासाकडे वळू. पहिला टप्पा पेशीच्या मोकळ्या द्रवात घडतो. सहा कार्बन अणूंचा ग्लुकोजचा रेणू दुभंगतो आणि तीन-तीन कार्बनांचे पायरुव्हेटचे दोन रेणू तयार होतात. या टप्प्यास प्राणवायू मुळीच लागत नाही. मात्र प्राप्तीही अल्प, अवघ्या दोन एटीपींची. येळवशीच्या दिवशी आपण शेतात बसून जी आंबट आंबील पितो, ती आंबविणारे सूक्ष्मजीव इतक्याच मिळकतीवर संसार चालवितात, आणि उरलेल्या द्रव्याचे लॅक्टिक आम्ल करून टाकून देतात. शंभर मीटरच्या शर्यतीत जीव खाऊन धावणाऱ्या मुलाच्या मांडीतील स्नायूंसही प्राणवायू पुरेनासा झाला, म्हणजे काही काळ हाच मार्ग धरावा लागतो. परंतु माणूस, गाय किंवा बैल यांच्यासारखा मोठा देह एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर जगू शकत नाही.

म्हणून पायरुव्हेट पुढे तंतुकणिकेत शिरते. इंग्रजीत हिला मायटोकाँड्रिया म्हणतात. 1898 साली कार्ल बेंडा यांनी ग्रीक भाषेतील 'तंतू' व 'कण' या अर्थाचे दोन शब्द जोडून ते नाव दिले. आपला मराठी शब्द त्याच अर्थाचा आहे. तंतुकणिका इतकी सूक्ष्म असते, की तिची रुंदी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून अधिक क्वचितच भरते. यकृताच्या एका पेशीत अशा हजाराहून अधिक तंतुकणिका असतात. तिला दोन आवरणे असतात, आणि आतल्या आवरणास पुष्कळ घड्या पडलेल्या असतात. लुगडे घडी घालून ठेवले म्हणजे लहान पेटीतही मावते, तद्वत या घड्यांमुळे थोड्या जागेत मोठा पृष्ठभाग सामावला जातो. पेशीतील ज्वलन नेमके या तंतुकणिकेत चालते, ही गोष्ट 1948 साली यूजीन केनेडी व आल्बर्ट लेनिंजर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिद्ध केली.

तंतुकणिकेत आल्यावर पायरुव्हेटमधील एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. उरलेले दोन कार्बन एका चक्रात प्रवेश करतात. हान्स क्रेब्स यांनी 1937 साली हे चक्र उलगडून दाखविले, म्हणून त्यास क्रेब्स चक्र असे म्हणतात. या चक्रात उरलेले कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. आपण उच्छ्वासावाटे जो वायू सोडतो तो येथे जन्मतो. परंतु ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की आपण श्वासाने घेतलेला प्राणवायू अद्याप कामास लागलेलाच नाही! या साऱ्या खटाटोपात अन्नातील हायड्रोजन, व त्याबरोबर शक्तीने भारलेले इलेक्ट्रॉन, काही वाहक रेणूंनी उचलून घेतलेले असतात. खरी कमाई त्यांत आहे.

तिसरा टप्पा आतल्या आवरणात घडतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाशी गेले, म्हणजे पायऱ्यांवर माणसे ओळीने उभी राहून घागरी हातोहात देतात. तशी या आवरणात निरनिराळ्या प्रथिनांची एक ओळ उभी असते. वाहकांनी आणलेले इलेक्ट्रॉन या ओळीतून एका हातातून दुसऱ्या हातात जात जात उतरतात. प्रत्येक उतरणीवर जी शक्ती सुटते तिच्या बळावर हायड्रोजनचे भारित कण आवरणाच्या आतून बाहेर ढकलले जातात, आणि बाहेरच्या अंगास त्यांचा साठा होतो. कोयनेच्या धरणात पाणी अडवितात. ते उंचावरून खाली सोडले की चक्र फिरते आणि वीज उत्पन्न होते. अगदी तोच प्रकार येथे घडतो. साचलेले हायड्रोजनचे कण आत परतू पाहतात, त्यांस एकच अरुंद वाट मोकळी असते, आणि त्या वाटेवर खरोखरच एक फिरते चक्र बसविलेले असते. ते फिरले की एडीपीस फॉस्फेट जोडले जाऊन एटीपीची घागर भरते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 साली मांडली तेव्हा अनेक विद्वानांस ती पटली नाही. पुढे 1978 साली त्याच कल्पनेबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि प्राणवायू ? तो ओळीच्या अगदी शेवटी उभा असतो. सर्व हातांतून उतरून आलेले इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो, हायड्रोजनशी संयोग पावतो आणि त्याचे पाणी होते. एवढेच त्याचे काम. परंतु ते कोण चुकवू शकेल? शेवटच्या माणसाने घागर घेतली नाही, तर त्याच्या आधीच्याचे हात भरलेलेच राहतील, त्याच्याही आधीच्याचे तसेच, आणि पाहता पाहता विहिरीच्या तळापर्यंत सारी ओळ खोळंबून उभी राहील. प्राणवायू हा तो घागर घेणारा शेवटचा माणूस होय. त्याच्या साहाय्याने ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे तीस ते बत्तीस एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांत हा आकडा छत्तीस किंवा अडतीस असा आढळेल. सूक्ष्म मोजमापानंतर तो खाली आला आहे. प्राणवायूवाचून मिळणारे दोन, आणि प्राणवायूसह मिळणारे तीस! मूळ शक्तीचा सुमारे एक तृतीयांश भाग असा कामी येतो, आणि उरलेली शक्ती उष्णता होऊन आपले अंग उबदार ठेवते.

इलेक्ट्रॉन हातोहात देणाऱ्या या ओळीत 'सायटोक्रोम' नावाची काही प्रथिने आहेत. त्यांच्या पोटात लोहाचा अणू असतो. केंब्रिज येथे डेव्हिड केलिन यांनी 1925 साली त्यांचा शोध प्रसिद्ध केला. त्यांची कृती मोठी साधी व सुंदर होती. यीस्ट पाण्यात कालवून त्यांनी वर्णपटदर्शकातून पाहिले, तो काही काळ्या रेषा दिसल्या. मिश्रण हवेत हालविले की रेषा नाहीशा होत; स्वस्थ ठेवले की पुन्हा प्रकट होत. सायटोक्रोम इलेक्ट्रॉन घेते तेव्हा रेषा दिसते आणि ते प्राणवायूच्या दिशेने देऊन टाकते तेव्हा रेषा मावळते, असा त्याचा अर्थ होता. जिवंत पेशीचा श्वास मनुष्याने अशा रीतीने डोळ्यांनी पाहिला. मग केलिन यांनी त्या मिश्रणात थोडे सायनाइड घातले. आता ते कितीही हालविले, कितीही हवा दिली, तरी काही रेषा मावळेनात. घागरी हातांतच अडकून राहिल्या होत्या.

याच कथेत आपल्या मराठी मुलखातील एका विदुषीचे नाव आदराने घेतले पाहिजे. कमला भागवत, पुढे डॉ. कमला सोहोनी, या विख्यात लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. त्या वेळी संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन होते. स्त्री म्हणून त्यांचा अर्ज नाकारला गेला. कमलाबाईंनी तो नकार मुकाट्याने मानला नाही. त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या, आणि अखेर एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर त्यांस प्रवेश मिळाला. ती परीक्षा त्यांनी अशी दिली, की पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींसही उघडले. तेथून त्या केंब्रिजला गेल्या, आणि बटाट्यासारख्या साध्या कंदावर काम करीत असता, सायटोक्रोम-सी हे श्वसनाचे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते हे त्यांनी दाखविले. रॉबर्ट हिल यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला यासंबंधीचा निबंध 1939 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी त्यांस केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. मायदेशी परतल्यावर कडधान्ये, नीरा यांसारख्या गोरगरिबांच्या अन्नावर त्यांनी संशोधन केले, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषविले. 1998 साली त्यांचे निधन झाले.

त्या शोधाचे मर्म काय ? तर बटाट्याचा कंद, ज्वारीचे ताट, गोठ्यातील गाय आणि शाळेत बसलेला विद्यार्थी या सर्वांच्या पेशींत एकाच घडणीची चूल आहे. झाड दिवसा सूर्यप्रकाशात अन्न तयार करते हे आपण शिकतो. परंतु तेही अहोरात्र श्वसन करते, हे आपण विसरतो. माणूस व चिंपांझी यांच्या सायटोक्रोम-सी मध्ये तर एका दुव्याचाही फरक आढळत नाही. जीवसृष्टी एक आहे हे संतांनी अंतःकरणाने जाणले; विज्ञानाने ते पेशीच्या चुलीपाशी बसून पाहिले.

आता आरंभीच्या कोड्याचा उलगडा सोपा आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत व कोंबांत धुरिन नावाचे एक द्रव्य असते. किडीपासून व चरणाऱ्या प्राण्यांपासून बचाव करण्याची ती वनस्पतीची योजना होय. पान चावले जाऊन त्याचा चुथडा झाला, की धुरिन फुटते व त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे केलिन यांनी घातलेल्या सायनाइडचेच रूप, मोकळे होते. हे विष रक्तातून तंतुकणिकेत जाते आणि ओळीतील शेवटच्या प्रथिनास, सायटोक्रोम ऑक्सिडेझ यास, जाऊन चिकटते. प्राणवायूच्या हाती घागर देणारा जो हात, तोच जखडला जातो. प्राणवायू दारात उभा. परंतु देणारा हात नाही. पेशी प्राणवायू घेत नाहीत, म्हणून तो रक्तातच राहतो, आणि रक्त लालभडक दिसते. एटीपी भरणे थांबते. मेंदू व हृदय हे सर्वांत खर्चिक अवयव सर्वांत आधी ढासळतात. भरल्या अंगणात चूल विझते, ती अशी.

हे एकदा समजले, म्हणजे जाणत्यांची ताकीद ही नुसती समजूत नसून तिला शास्त्राचा आधार आहे, हे कळते. धुरिनचे प्रमाण कोवळ्या रोपात अधिक असते आणि पीक वाढत जाते तसे ते उतरत जाते. अवर्षणाने खुरटलेल्या ताटांत, आणि कापणीनंतर फुटलेल्या नव्या फुटव्यांत ते वाढते. पिकलेल्या दाण्यात ते नसल्यातच जमा, म्हणून आपली भाकरी निर्धोक. चारा कापून नीट वाळविला म्हणजे विष बरेचसे उडून जाते, म्हणून कडबाही निर्धोक. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव धुरिन झपाट्याने फोडतात, म्हणून गाय-बैल, म्हैस, शेळी यांस धोका विशेष. सोयाबीन व तूर यांनी आमच्या बीदर जिल्ह्यात आज बरीच जमीन व्यापली असली, तरी ज्वारी गेलेली नाही. तेव्हा ही ताकीदही जुनी झालेली नाही. ज्वारी फुलोऱ्यावर येण्यापूर्वी गुरे तीत सोडू नयेत; खुरटलेले पीक पाणी वा पाऊस मिळून चांगले वाढेपर्यंत थांबावे; आणि उपाशी जनावर हिरव्या ज्वारीजवळ नेऊ नये.

आणि तरीही प्रसंग ओढवलाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता इतर गुरे तत्काळ शेताबाहेर काढावीत व पशुवैद्यास बोलवावे. त्याच्याजवळ उतारा असतो. सोडियम नायट्राइटच्या योगाने रक्तातील काही हिमोग्लोबिन असे बदलते, की सायनाइड तंतुकणिकेतील प्रथिनास सोडून त्याकडे ओढले जाते. आणि सोडियम थायोसल्फेटच्या साहाय्याने त्या विषाचे निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर होऊन ते लघवीवाटे निघून जाते. जखडलेला हात मोकळा होतो, ओळ पुन्हा चालू लागते, आणि मरणाच्या दारातून परतलेले जनावर उठून उभे राहते. वेळेवर दिला तरच उतारा चालतो. कारण ज्या चुलीवर आयुष्य शिजते, तिचा विस्तव मिनिटांच्या हिशेबाने मोजावा लागतो.

विद्यार्थिमित्रहो, केलिन यांस वर्णपटदर्शकातून काळ्या रेषा न्याहाळताना, किंवा कमलाबाईंस परदेशी प्रयोगशाळेत बटाटे कुटताना, ठाणाकुशनूरच्या रानात कोसळणाऱ्या गाईची कल्पनाही नसेल. तरी त्यांनी जे सत्य शोधले, ते तिच्या कामी येते. त्याचप्रमाणे आमच्या आजोबा-पणजोबांस सायटोक्रोमचे नाव ठाऊक नव्हते. तरी त्यांनी डोळसपणे जे पाहिले, ते प्रयोगशाळेत खरे ठरले. पाहणारा डोळा आणि 'असे का ?' हे विचारणारे मन, ही दोन्ही एकत्र आली म्हणजे विज्ञान जन्मते. पुढच्या वेळी घरी कोणी "गुरे ज्वारीत जाऊ देऊ नका" असे म्हणाले, तर त्यांचे ऐका; आणि रात्री भाकरी खाताना, त्या ताकिदीचे कारण त्यांस आपल्या तोंडून समजावून सांगा.